ज्याचं फसलं त्याचं हॉटडिश

वेंडेल थोर्सगार्डला भाषणाची भारी हौस. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावी घरापुढचा बर्फ उडवायची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, त्यातल्या नवी यंत्रं घडवणाऱ्या विभागाचा तो प्रमुख. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिराला गेला आणि नवंच खूळ डोक्यात घेऊन आला. 'जमत नाही' म्हणायचं नाही, 'अजून जमलं नाही' म्हणायचं. एवढ्यावर थांबला असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण या गड्यानं प्रथाच पाडली. ज्याचा प्रयोग फसेल त्यानं शुक्रवारी घरून हॉटडिश, म्हणजे तिकडचं ओव्हनमध्ये भाजलेलं एका भांड्यातलं जेवण, करून आणायचं, काय फसलं ते सगळ्यांना सांगायचं, आणि पहिला घास वेंडेलनं घ्यायचा.

आणि खोटं कशाला बोला, प्रथा झकास चालली. खिमा, डब्यातलं मश्रूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. त्या वासानं भलेभले आपल्या चुका घडाघडा सांगायला लागले. जुना फोरमन लाइल म्हणायचा, "बायको रोज विचारते, काही बिघडवलंस की नाही? ओव्हन गार पडलाय म्हणते."

सगळ्यात जास्त हॉटडिशं आणली ती मारेन ओक्सानेननं. ओला, जड बर्फ न अडकता फेकणारं पातं बनवायचं काम तिच्याकडे होतं. "तू फसतेस म्हणून आपण शिकतो, मारेन," असं वेंडेल चारचौघांत म्हणायचा, अगदी मनापासून. तीही बापडी ते खरं मानायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मुख्य कचेरीतली दोन माणसं आली. पातं तयार आहे, असं वेंडेल त्यांना आधीच सांगून बसला होता. मारेनला याचा पत्ता नव्हता. ती नेहमीसारखी टॉवेलात गुंडाळलेलं भांडं घेऊन आली.

"पातं फसलं," ती म्हणाली. "ओल्या बर्फात ते फिरवणारा दांडाच वाकतो. डागडुजीनं भागणार नाही, पायापासून बदलावं लागेल. पण का वाकतो ते मला सापडलंय. तेच दाखवायचंय."

पाहुण्यांपैकी बाईंनी वेंडेलकडे पाहिलं. "तयार आहे म्हणाला होतात ना?"

आता हात पुढे करून एक डाव वाढून घ्यायचा, बस. एवढंच तर करायचं होतं त्यानं. पण हात काही उचलला नाही. वेंडेल हसला आणि म्हणाला, "हं. वेगळंच आहे हे."

मिनेसोटात तोंडावर याहून वाईट कुणी कुणाला बोलत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं. "आपण नंतर बोलू, मारेन," असं म्हणून तो पाहुण्यांना बाहेर जेवायला घेऊन गेला. दारातून त्यानं मागे पाहिलं. कुणीच वाढून घेतलं नव्हतं. लाइलसारखा खादाड माणूस बुटांकडे बघत उभा होता, आणि मारेन भांड्याला पुन्हा टॉवेल गुंडाळत होती.

हॉटेलात वेंडेल ताटातलं नुसतं चिवडत बसला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आपलं खोटं झाकायला आपण त्या पोरीला उघडं पाडलं, हे त्याला स्वच्छ कळत होतं, आणि तरी तो पाहुण्यांच्या विनोदांना हसत होता. त्या हसण्याची तर त्याला जास्तच लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी टेबल रिकामं. त्याच्या पुढच्याही. कुणाचं काही फसतच नव्हतं. "सगळं छान चाललंय, वेंडेल," जो तो म्हणायचा, इतक्या गोड आवाजात की याला मान वर करणं कठीण व्हायचं.

शेवटी एका सकाळी त्यानं मुख्य कचेरीला फोन लावला. पातं तयार नव्हतं, मी खोटं बोललो, मारेन बरोबर होती, असं सांगून टाकलं. पलीकडून यथेच्छ बोलणी बसली. ती मुकाट्यानं खाऊन तो तडक खाली मारेनच्या कामाच्या टेबलाकडे निघाला. मनात कुठेतरी वाटत होतं की आता हलकं वाटेल.

काचेतून तिनं त्याला येताना पाहिलं. समोर काहीतरी पडलं होतं. तिनं झटकन त्यावर फडकं ओढलं.

वेंडेल दाराशीच थबकला. मग आत गेला. "मारेन, मी आत्ता वर सगळं खरं सांगितलं. त्या दिवशी मी तुझ्याशी फार वाईट वागलो. मला माफ कर."

"बरं केलंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"पात्याचं काय चाललंय? काही अडलंय का?"

"छे, छे. छान चाललंय."

फडक्याखालून वाकलेल्या दांड्याचं टोक बाहेर आलं होतं. दोघांनाही ते दिसत होतं. वेंडेल वाट बघत उभा राहिला, आणि मारेन हसतमुखानं त्या फडक्यावर हात दाबून उभी राहिली, तो जाईपर्यंत.