तोंडापर्यंतचा कोन

दोन खाटा, चार वाळूच्या पिशव्या, खांद्याच्या व्यायामासाठी भिंतीत बसवलेले एक चाक, तीन कुबड्या आणि टेबलाच्या खणात मी. मित्रांनो, पुण्यातल्या आमच्या लहानशा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात एवढेच सामान आहे. मी तिथला जुना कोनमापक. तुमच्या कंपासपेटीतला नव्हे. मला दोन लांब हात आहेत. माणसाचा सांधा किती वाकतो, ते मी सांगतो.

पारदर्शक प्लास्टिक कापून मला घडवले आणि अंगावर अंशांच्या रेघा छापल्या. सुरुवातीला माझी मोठी बडदास्त होती. मग मोबाइलवर कोन मोजता येऊ लागला आणि मी खणात पडलो. कोणी मला पट्टीसारखे धरून रेघा मारल्या, एकाने तर चहा ढवळला. पुढे नुकतीच शिकून आलेली श्रद्धाताई रुजू झाली. तिने मला धुतले आणि पुसट आकडे बारीक पेनाने पुन्हा गिरवले.

तिच्याकडे महिपतीकाका आले. मार्केट यार्डातले हमाल. पाय घसरून उजव्या कोपराजवळ हाड मोडले होते. प्लास्टर निघाले, पण हात तोंडापर्यंत पोहोचेना. डाव्या हाताने जेवायची लाज वाटे, म्हणून बायको कौशल्याबाई भरवत.

"पोती मागनं बघू, ताई," काका म्हणाले. "आधी माझा घास माझ्या हातानं खाऊ द्या. घरात नातू अन् मी, दोघं तोंड उघडून पाळी लावून बसतो."

"त्याला कोपर एकशे तीस अंश तरी वाकायला हवं," श्रद्धाताई म्हणाली.

पहिल्या आठवड्यात मी नव्वद दाखवले. पुढच्या आठवड्यात ब्याऐंशी, मग पंच्याहत्तर. कोपर सुजलेले, गरम. श्रद्धाताईने पुन्हा मोजायला घेतले, तर मी तिच्या बोटांतून निसटलो. तिने मला उजेडात धरले. माझ्या अंगाला तेल लागले होते.

"मावशी, कोपराला मालिश करता?" तिने शेजारी बसलेल्या कौशल्याबाईंना विचारले.

"मग? रोज सकाळी," कौशल्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "तेल कोमट करून चांगलं रगडते. वरडत्यात, पर मी सोडत नाय."

श्रद्धाताईने मला बाजूला ठेवले. मग तिने समजावले, की मोडलेले कोपर रगडले तर सांधा आणखी आखडतो. कधी तर स्नायूतच नवे हाड धरू लागते.

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी हे मीच केलं?"

"तुम्ही जीव लावलात, मावशी. फक्त तुमच्या हाताला काम दुसरं देऊ." तिने त्यांचा तळवा काकांच्या खांद्यावर ठेवला. "खांदा पुढे येऊ द्यायचा नाही. कोपर त्यांचं त्यांनीच वाकवायचं. तुम्ही ओढायचं नाही."

"नुसतं धरून बसू?"

"नुसतं धरून बसा."

"हिला हे जमायचं न्हाई," काका म्हणाले.

जमले. एक्स-रेमध्ये नवे हाड धरलेले दिसले नाही, सूजही ओसरली. काका दुखून थांबत, तेव्हा कौशल्याबाई खिडकीबाहेर बघत. पण खांद्यावरचा आपला हात हलू देत नसत.

मित्रांनो, घरात कुणाचा सांधा आखडला, तर तो आपल्या मनाने रगडू नका, ओढू नका. जाणकाराला विचारा आणि त्या माणसाजवळ बसा. धीर धरणे हीसुद्धा सेवाच आहे.

काल काका पुन्हा आले. श्रद्धाताईने माझा मध्य त्यांच्या कोपरावर टेकवला, एक हात दंडाला लावला, दुसरा मनगटाकडे. कौशल्याबाईंनी खांदा धरला.

"वाकवा, काका."

मग तिने वहीत नोंद केली. उजवे कोपर, वाकवणे : एकशे बत्तीस अंश.