शुभ्र रुमालांखाली

शरदाचे ऊन फ्रान्समधल्या गॅस्कनीच्या द्राक्षमळ्यांवर मधासारखे ओघळत होते. तांबूस पाने, जांभळ्या सावल्या, नुकतीच सरलेली तोडणी. आणि मळ्यामधल्या दगडी घरात, शुभ्र कापड अंथरलेल्या लांब मेजावर, सुगीचे भोजन मांडले होते.

नवी सून शर्वाणी त्या मेजाशी प्रथमच बसली होती. ती मालवणच्या समुद्राची लेक. खवले, रक्त, काटे यांचे तिला वावडे नव्हते. सुरमईच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने सुरी चालवली होती.

आधी आली कालवे, हिरवट, थरथरती, लिंबाच्या थेंबाने आकसणारी. मग बदकाचे फुगवलेले यकृत, गुलाबी, लोण्याहून मऊ. प्रत्येक पदार्थाला स्वतःचा पेला, स्वतःचा मद्यरंग, स्वतःची दीर्घ, संथ स्तुती. इथे जेवणे म्हणजे पूर्वजांचे स्मरण होते.

मग सासरे गास्तों उठले. त्यांनी दार लावून घेतले, कारण पुढच्या पदार्थाला कायद्याने केव्हाच बंदी घातली होती. तापल्या मृत्पात्रात चिमुकले ऑर्तोलान पक्षी चरचरत होते. अंधारात कोंडून दाण्यांनी तट्ट फुगवलेले, मद्यात बुडवून मारलेले, आतड्यांसकट भाजलेले.

"पोरी, आमच्या घराण्याची ही पूजाच समज. रुमाल डोक्यावरून ओढ, अख्खा तोंडात घाल आणि सावकाश चाव."

"रुमाल कशाला?"

"सुगंध निसटू नये म्हणून." वृद्ध हसले. "आणि देवाला दिसू नये म्हणून."

शर्वाणीने नवऱ्याकडे पाहिले. 'मी त्या पक्ष्याला शिवतसुद्धा नाही,' असे एतिएन लग्नाआधी म्हणाला होता. आता त्याने नजर चुकवली आणि रुमाल ओढला.

शुभ्र रुमाल डोक्यांवरून खाली उतरले. मुखहीन, वाफाळती भुते मेजाभोवती बसली. आणि मग तो आवाज: कोवळ्या बरगड्यांचा चुरा, चरबीच्या मिटक्या, रसाचे शोषण, तृप्तीचे ओले हुंकार. पुन्हा चुरा. पुन्हा हुंकार.

तिने किळसून आपले ताट दूर सारले.

शेजारच्या रुमालाची कड किंचित उचलली गेली. सासूबाई ओदेत. ओठ कोरडे, तोंड रिकामे. पक्षी मांडीवरच्या फडक्यात दडवलेला.

"मीही कधीच खाल्ला नाही," त्या कुजबुजल्या. "लग्न झाल्यापासून. झाकलं की कुणाला कळत नाही. तूही तसंच कर, बाळ."

ही किळस पहिल्या किळसेहून खोल होती. एक अख्खे आयुष्य कापडाखाली, उपाशी, तृप्तीचे खोटे हुंकार देत!

"मी हे खाणार नाही," शर्वाणी मोठ्याने म्हणाली. "आणि खाल्ल्याचं नाटकही करणार नाही."

रुमाल एकेक करून उठले. तेलकट हनुवट्या, लालबुंद गाल. गास्तोंचा हात पेल्यावर थिजला.

"शर्वाणी, आजच्या दिवशी तरी..." एतिएनने हात पुढे केला. त्या चकाकत्या बोटांना एक बारीक हाड चिकटले होते. तिने आपला हात मागे घेतला.

तेव्हा ओदेत हलल्या. त्यांनी मांडीवरचे फडके उलगडले आणि तो अभंग पक्षी मेजाच्या मधोमध ठेवला.

"ओदेत?" गास्तोंनी विचारले.

सोनेरी चरबीचा डाग शुभ्र कापडावर पसरत गेला. हळूहळू, मुकाट, सर्वांच्या उघड्या डोळ्यांदेखत.