पुलावरचा बर्फ

सगळा बाजार तिला बर्फवाली म्हणायचा आणि पाठीमागं हेही म्हणायचा की नाव बर्फाचं आणि डोकं भट्टीचं. तिच्या ते कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवऱ्यामागं बंद पडलेला बर्फाचा कारखाना तिनं एकटीनं पुन्हा चालू केला होता. छतावर सौर पॅनेल चढवले, गळके पाइप बदलले, मिठाच्या पाण्यात उभे असलेले डबे उपसून लाद्या काढायला माणसं ठेवली. थंड डोक्याच्या माणसाचं ते काम नव्हतंच.

कारखान्याच्या दारातून नदीवरचा पूल दिसायचा. पुलाच्या अल्याड हा देश, पल्याड तो. पल्याड मासळीबाजार होता आणि बर्फ नव्हता. अल्याड बर्फ होता आणि मासळी नावाला. लेकसुद्धा तिनं पल्याडच दिली होती, मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या बाईच्या मुलाला. म्हणजे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तिची विहीणच. विहीण आणि गिऱ्हाईक एकाच माणसात आल्यावर सुख ते किती असणार?

भांडण लागलं ते वजनावरून. पुलाच्या दोन्ही टोकांना वजनकाटा होता. अल्याडच्या काट्यावर ट्रक भरायचा त्याच्या पाऊणपटच माल पल्याडच्या काट्यावर उतरायचा. कधी त्याहून कमी. नाक्याच्या नियमात एवढंच लिहिलेलं की माल कमी भरला तर तो वाटेत विकला असं धरावं. नियम करणाऱ्याच्या डोळ्यापुढं सिमेंट असणार. बर्फ नावाची वस्तू जगात आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

विहिणीनं फोन केला तेव्हा तिचा लिलावातला आवाज होता.

“विहीणबाई, निघताना एवढं वजन, पोचताना तेवढं. मधल्यामधे पूल बर्फ खातो का?”

“पूलच खातो. उन्हात उभा करून ठेवतात ट्रक.”

“वितळतो हे मलाही कळतं हो. पण निम्म्याला टेकला की पाणी कुठंतरी मुरतंय असं म्हणावं लागतं. परवा दोन टोपल्या मासळी नदीत फेकली मी. काठावर उभं राहवत नाही वासानं.”

बर्फवालीनं फोन ठेवला आणि हातातला लाद्या ओढायचा आकडा भिंतीवर आपटला. जिनं आपल्या लेकीला सून म्हणून घरात घेतलं, तिनंच आपल्याला चोर म्हणावं हे तिला फार लागलं. त्याहून लागलं ते लेकीचं बोलणं. त्याच फोनवर शेवटी लेक हळू आवाजात म्हणाली होती, “आई, तू आता काही बोलू नकोस. मला या घरात राहायचंय.”

खरी गंमत, म्हणजे रडावं की हसावं अशी, पुलावर होती. ट्रक तपासायचा तर दोन्ही देशांचे तपासनीस एकाच वेळी हजर पाहिजेत, असा करार. जेवणाची सुट्टी दोघांचीही एकला. पण पल्याडचं घड्याळ अल्याडच्या घड्याळापेक्षा तासभर मागं. अल्याडचे साहेब जेवून, हात पुसत पुलावर यायचे तेव्हा पल्याडचे साहेब डबा उघडायला निघालेले असायचे. सकाळी रांगेत लागलेला ट्रक सरकत सरकत नेमका त्याच वेळेला तिथं पोचायचा आणि भर दुपारी तिथंच घोडं पेंड खायचं. बर्फवालीनं दोन्हीकडं अर्ज दिले होते. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: जेवणाची वेळ हा ज्या त्या देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

परिषदेच्या आदल्या दिवशी नाक्याचे साहेब स्वतः कारखान्यात आले. नदीकाठच्या सभागृहात शेजारी देशांची मोठी बैठक होती. बाहेर फलकही लागला होता: एक प्रदेश, एक बाजार, हिरवं भविष्य. साहेबांनी खुर्ची पुसून घेतली आणि मग बसले.

“काकू, तुमचं लायसन्स माझ्याच टेबलावर आहे. माल वाटेत विकल्याच्या एवढ्या नोंदी झाल्यावर ते रद्दच करायला हवं.”

“मग आलात कशाला? टपालानं पाठवायचं.”

साहेब हसले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “उद्या तुम्ही आणि पलीकडच्या तुमच्या विहीणबाई, दोघींनी दोन-दोन मिनिटं बोलायचंय. सीमेवरच्या उद्योगी महिला म्हणून. हे वाचा फक्त. आमच्यासाठी आता सीमा उरलेली नाही, वगैरे. संध्याकाळी लायसन्स नवं करून देतो.”

“आणि चोरी?”

“चोरीचं काय, विसरून जाऊ.”

तिथंच साहेबांचं चुकलं. त्यांनी नुसती धमकीच दिली असती तर कदाचित ती गप्प बसली असती, कारण कारखान्यावर चार घरं चालत होती. पण न केलेली चोरी कुणी माफ करायला निघालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिनं कागद घेतला आणि साहेबांना दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक नेहमीसारखा निघाला. ती सभागृहात गेली. विहीण पल्याडच्या मंत्र्यांच्या ताफ्यातून आली होती. त्या गाड्यांसाठी नाक्यावरचे आडवे दांडे आधीच वर करून ठेवलेले, त्यामुळं पुलावर थांबणं म्हणजे काय हे तिला आजही कळलं नाही. दोघी एकाच रांगेत बसल्या, पण मधल्या खुर्चीवर विहिणीनं आपली पिशवी ठेवली. व्यासपीठावरून एकात्म बाजारपेठ, सामायिक नदी, पुढच्या पिढ्या असे शब्द येत होते. ते खोटे होते असं बर्फवालीला वाटलं नाही. उलट खरे आहेत म्हणूनच तिला राग येत होता. एवढं सगळं यांना कळतं आणि एवढंसं काम होत नाही?

विहिणीनं आपला कागद धडाधड वाचून टाकला, जणू बोंबलाची पाटी विकतेय. मग बर्फवालीचं नाव पुकारलं. तिनं कागदाची घडी मोडलीच नाही.

“मला वाचायला दिलंय ते छान लिहिलंय,” ती म्हणाली. “पण त्यात माझा ट्रक नाही. म्हणून मी माझंच बोलते. मला नवा रस्ता नको, अनुदान नको. पुलाच्या दोन्ही टोकांच्या साहेबांनी एकाच वेळी जेवायला बसावं. दोन देशांची घडाळं जुळत नसतील तर नसोत, भुका तरी जुळवा. तुम्हाला एकत्र जेवताही येत नाही आणि तुम्ही एकत्र बाजार...”

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले साहेब पांढरे पडले होते, पण पल्याडचे मंत्री गहिवरून उठले. “किती आपलेपणानं बोलल्या या! खरंय, शेजाऱ्यांनी एका पंगतीला बसलंच पाहिजे. चला, आज सगळ्यांनी एकत्र जेवू. नाक्यावरच्या माणसांनाही बोलवा. दोन्हीकडच्या.”

माइक बंद झाला. माणसं जेवणाच्या मांडवाकडं निघाली. बर्फवाली व्यासपीठावर उभीच होती. तिनं मागितलं ते तिला अक्षरशः मिळालं होतं, आणि आज दोन्हीकडचे दांडे एकदमच खाली पडणार होते.

ती तरातरा खाली आली आणि तिनं विहिणीचा हात धरला.

“विहीणबाई, ताट वाढून घेऊ नका. आधी चोर बघायला चला.”

“अहो, सगळे बघतायत.”

“बघू देत. मला चोर म्हणालात तेव्हा माझी लेक ऐकत होती. आता तुम्ही बघा.”

विहीण आली. भांडकुदळ होती, पण भित्री नव्हती. दोघी ऊन तुडवत पुलावर गेल्या. ट्रक पल्याडच्या दांड्यापुढं उभा होता. ताडपत्री आणि खाली भुसा होता तरी फळीच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पुलाच्या उतारावरून ते पाणी आल्या वाटेनं अल्याड वाहत चाललं होतं.

ड्रायव्हर सावलीला बसला होता. “काकू, दोन्हीकडचे जेवायला गेलेत. रोज दोन तास, आज किती कोण जाणे.”

“रोज?” विहिणीनं विचारलं.

“रोजच की.”

विहिणीनं फळीखाली ओंजळ धरली. ती भरली, सांडली, पुन्हा भरली. तिचे हात लाल झाले तरी तिनं ते काढले नाहीत. तिला लाज वाटत होती, आणि ती लपवणं तिला जमत नव्हतं. बर्फवालीला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण चार शब्द सुनावू. पण तिला उगाच भरून आलं.

“काठावर मासळीच्या होड्या लागल्यात,” विहीण म्हणाली. “मी कसलं जेवतेय!”

ती दांड्याकडं गेली. तिथं एकच पहारेकरी ठेवला होता.

“बाई, साहेब जेवतायत.”

“जेवू दे की. ताटावरून कुठं उठवतेय मी त्यांना?” असं म्हणत तिनं दांड्याच्या जड टोकावर दोन्ही हातांनी भार दिला. दांडा वर गेला. पहारेकऱ्यानं तिला लिलावात कितीतरी वेळा ऐकलं असावं. तो बाजूला झाला.

“चल रे,” बर्फवाली ड्रायव्हरला म्हणाली.

मागून दोन्ही देशांचे साहेब धावत आले. अल्याडच्यांचा हात खरकटाच होता.

“काकू, हा माल वजनाशिवाय गेला तर लायसन्स आजच्या आज रद्द.”

कारखाना, चार घरं, छतावरच्या पॅनेलचे राहिलेले हप्ते, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

“करा रद्द,” ती म्हणाली. “पण कारण खरं लिहा. माल वाटेत विकला म्हणून नाही. बर्फ वितळायच्या आत पोचवला म्हणून.”

ती ट्रकमागोमाग चालत राहिली. बाजारात लाद्या उतरायला लागल्या. माणसांनी हातोड्यांनी बर्फ फोडला, टोपल्यांमधून पसरला. लेक घरून धावत आली आणि आई आणि सासू या दोघींकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली.

पल्याडचे साहेब धापा टाकत पोचले. त्यांनी वही उघडली आणि अगदी सरकारी आवाजात विहिणीला विचारलं, “माल काट्यावर चढलाच नाही. मी वजन काय लिहू?”

विहिणीनं टोपलीतून मान वर केली नाही.

“माझ्या विहीणबाई इथं उभ्या आहेत,” ती म्हणाली. “त्या सांगतील तेवढं लिहा.”