धारेखालचा हात

खमैसदाजींनी मोटर बंद केली तेव्हा होडी चांगली पळत होती.

"काय झालं?" त्यांचा मुलगा रिधा पुढून ओरडला. मग बापाला ऐकू येत नाही हे आठवून त्याने हातवारे केले.

"तापलीय!" दाजी म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असा.

"आवाज तर ठणठणीत होता की!" रिधा माझ्याकडे वळून म्हणाला.

"धार बारीक झाली. चटका बसला हाताला."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रबहचे यजमान. कान गेल्यापासून त्यांचा एक हात मोटरीच्या दांड्यावर असतो, दुसरा मोटरीमागे. मोटर समुद्राचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते आणि तेच पाणी मागच्या भोकातून बाहेर टाकते. आजारी लेकराच्या कपाळाला आई लावते तसा दाजींचा तळहात त्या धारेला लागलेला असतो.

ईदसाठी स्फाक्स शहरातून आलेल्या रिधाने सकाळीच आईसमोर जाहीर केलं होतं, "आज मी बरोबर जातो. मोटरीने वाटेत दगा दिला तर होडी विकायची. गिऱ्हाईक तयार आहे." रबह भाकरी मोडत राहिली. होडी गेली की दाजी कॅफेत पत्ते पिसणाऱ्या म्हाताऱ्यांत जमा होणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आणि घोळ घातला कुणी? रिधानेच! ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातल्या गवताच्या पट्ट्यावर आमच्या केरकेना बेटांवरचं कुणी मोटर खाली सोडत नाही. काठीने रेटत खोल पाणी गाठायचं, मग मोटर. "काठ्या कसल्या मारताय बाबा, जमाना कुठे गेला!" म्हणत या शहाण्याने ती पाण्यात सोडली. वर्षाने आलेल्या पोराला दाजींना नाही म्हणवलं नाही.

आता तोच रिधा डबा भरून मोटरीवर पाणी ओतायला निघाला. दाजींनी त्याचं मनगट धरलं.

"तापल्या तव्यावर पाणी मारतोस? तडकेल ती. बस. भाकरी खा."

आम्ही हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, लावून भाकरी खाल्ली. दाजी मजेत, आम्हा दोघांची नजर मोटरीवर. मोटर निवल्यावर त्यांनी ती वर उचलली, खालच्या फटींतून गवताचा लगदा उपसला, झावळीचा एक हीर घेऊन धारेचं भोक कोरलं आणि दोरी ओढली. मोटर सुरू झाली. क्षणभराने धार लागली, चांगली जाड!

रिधा बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मानलं बाबा! नाही विकत होडी!"

दाजी हसले. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मासे अडवायला समुद्रात रोवलेल्या झावळ्यांच्या कुंपणात बोई मासे भरपूर सापडले. टोपली भरून परत निघालो. दाजी दांड्यावर, नजर समोर, हात धारेखाली. मागून फेरीबोटीचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी झेप घेऊन दांडा ढकलला.

फेरीबोट बाजूने गेली. आमची होडी लाटांवर उलटायची राहिली, टोपली कलंडली आणि मासे तळाशी तडफडू लागले.

दाजींनी फेरीबोटीकडे पाहिलं, मग रिधाकडे. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी होडी विकायचं न काढता तो मासे टोपलीत भरू लागला. दाजींनीच मोटर हळू केली आणि ते बाजूला सरकले.

"तय्यब, इकडे ये. दांडा धर."

"अहो दाजी, मी? तुम्हीच म्हणता ना, तय्यबच्या हाती होडी म्हणजे बुजलेली शेळी!"

त्यांना ऐकू आलं नाही, पण काय म्हणालो ते कळलं असावं.

"शेळी तर शेळी. तुला कान आहेत. धर."

मी धरला. दाजी माझ्याशेजारी दाटीने बसले, मागे न बघता त्यांनी हात नेला आणि धारेखाली धरला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "चल."