फलकावर नसलेलं हुमण

रुद्रेशने सगळा इतिहास लिहिला आणि त्यात जन्मदात्या आईला एक ओळ दिली नाही, ही चंद्रावतीची तक्रार सकाळपासून निम्म्या मुळगावने ऐकली होती. घरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकाने दारात भला मोठा फलक लावला. संस्थापक त्याचे वडील, कै. गोकुळदास. ते बरोबर. पण खाली? ‘येथील सुप्रसिद्ध शांततेचे रहस्य : विलायती भिंती.’

चंद्रावती दुसरीपर्यंतच शिकलेली, पण एवढं तिला वाचता येत होतं.

"आमच्या जुन्या भाताच्या कोठयेक आतून कापूस चिकटवलो, आणि म्हणे विलायती!"

"आई, पावणे आयले. हळू उलय," रुद्रेश कुजबुजला.

पाहुण्यांसमोर गावातली गायिका कोमल गाणं रेकॉर्ड करणार होती. लाल दिवा लागला, तिने सूर धरला आणि खनिजाचा ट्रक असा गडगडत गेला की काच थरथरली. पुन्हा दिवा, पुन्हा ट्रक. तिसऱ्या वेळी म्हातारे तबलजी बाबाजी फिसकन हसले, मग कोमल, मग सगळेच. घाम फुटला फक्त रुद्रेशला. त्याने स्टुडिओ हाती घेतला तेव्हा खाणी बंद होत्या; त्या आता कुठे पुन्हा सुरू झाल्या होत्या. शांतता भिंतींचीच, असं तो धरून चालला होता.

चंद्रावतीने पदर खोचला. पाहुण्यांसाठी रांधलेल्या हुमणाचा, म्हणजे कोळंबीच्या आमटीचा, टोप कमरेवर, हातात वाढायची दवली, मागून भाताचं पातेलं घेऊन सून. आणि चंद्रावती थेट रस्त्याच्या मधोमध!

ट्रक कचकन थांबला. कोल्हापूरकडचा ड्रायव्हर निवृत्ती खिडकीतून ओरडला, "आजी, मरायचंय काय?"

"मरान मागीर. तू जेवलंस?"

"न्हाई अजून."

"मग इंजिन बंद कर. सुंगटांचा हुमण आसा."

मागे पाच-सहा ट्रक खोळंबले. "हॉर्न वाजवलो त्येका नुसतो भात!" तिने बजावलं. एकही हॉर्न वाजला नाही.

"रुद्रेशा," बाबाजी तबला पुसत म्हणाले, "तुझ्या बापाशीची सगळी गाणी अशीच झाली. थंय तुझ्या आवशीच्या हातचा ड्रायव्हर जेवत, हंय आम्ही वाजवत."

कोमलचं गाणं एका दमात पार पडलं. शेवटचा सूर विरला आणि बाहेरून निवृत्तीची तृप्त ढेकर आली. तीही रेकॉर्ड झाली.

रुद्रेश मान खाली घालून रस्त्यावर आला. "आई, फलकार काय लिहू?"

चंद्रावतीने रिकामा टोप त्याच्या हातात दिला.

"माझा नाव घाल, बापाशीच्या बरोबर, तितक्याच मोठ्या अक्षरांनी. आणि पावणे उपाशी आसत, त्यांका आता तुझ्यो विलायती भिंती वाढ!"