गाडी बंद करण्यासाठी

संस्थेची गाडी गावातल्या किडनीच्या रुग्णांना डायलिसिससाठी शहरात नेऊन आणायची. संस्था ताईंनी उभी केलेली, आणि ड्रायव्हर आला नाही की गाडीही त्याच चालवायच्या. त्या दिवशी परत येताना शिंपीकाकांना उलटी झाली. ताईंनी गाडी कडेला घेतली, त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुमची गाडी आहे म्हणून मी आहे, ताई," काका म्हणाले. मग दम खात हसले. "पण डायलिसिसचं मशीन आपल्याच दवाखान्यात असतं, तर एव्हाना घरी पाय पसरून घोरत असतो!"

ते मशीन मागून ताईंच्या चपला झिजल्या होत्या. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, की हे वर, विधानसभेत ठरतं.

घरी नवरा भांडी घासत होता. ताई म्हणाल्या, "मी आमदारकीला उभी राहतेय."

"आता हे काय नवीन खूळ? संस्थेचा व्याप कमी पडला?"

"गाडी चालवते म्हणून सगळे माझं कौतुक करतात. पण मला ती बंद करायचीय, अरे. तिची गरजच उरू नये. आणि ते जिथे ठरतं, तिथे गेल्याशिवाय जमायचं नाही."

नवऱ्याने हात पुसले. "आणि पडलीस तर?"

"तर गाडी आहेच की."

"मग माझं मत पक्कं. फक्त भाषणं आटोपशीर कर, बाई. तू एकदा सुरू झालीस की लोक उपाशी मरतील."

ताई खळखळून हसल्या. मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि भूकही सडकून लागली होती.