अंगठ्याची गाठ

१९५८ साली आमच्या तंबूतल्या टॉकीजने श्रीवर्धनात सुडाचा एक सिनेमा लावला होता. भावाला मारणाऱ्या टोळीला नायक एकेक करून टिपतो. मी ऑपरेटर, चाळीस वेळा पाहिलेला, तरी अंगावर काटा यायचा. काय सिनेमा होता!

त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला ठमाबाई बसली होती, वाडीत सुपारी सोलणारी. तिचा नवरा सदा खलाशी. चोरटं सोनं उतरवायला नाही म्हणाला आणि आठवड्याने खाडीत मेलेला सापडला. सोनं धर्माजीशेटचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पुरावा नव्हता. ठमाबाईला तेवढा हवा होता, बाकी काही नको.

धर्माजीशेट पुढच्या खुर्चीत होता. मागे फुकट पासावर आलेले फौजदार.

पडद्यावर गुंडांनी भावाचे हात बांधले आणि रीळ संपलं. आमचं यंत्र एकच, रीळ बदलेपर्यंत दिवे लावावे लागत. शेटला चेव आला.

"ह्यो कसला गुंड! सुंभानं मनगटं बांधतोय. सुटंल की! केळीच्या खांबाचं सोपट सोलून घ्यावं आन् अंगठे बांधावे. बापजन्मात सुटायचा न्हाय."

लोक हसले. शेट बोलला की हसायचंच असतं.

ठमाबाई उठून पुढे आली. "शेट, मी अडाणी बाई. नीट कळलं न्हाय. दावा की जरा."

कौतुक कुणाला नको असतं? शेटने शेजारच्याचे हात मागे घेतले. अंगठ्यांना रुमालाचे दोन उभे वेढे, मधून एक आडवा.

"अस्सं!"

"व्हय," ठमाबाई म्हणाली. "माझ्या सदाचे अस्सेच बांधले व्हते. केळीच्या सोपटानं. मी सोडवले, फौजदारसायबांनी बघितले. कुठं बोलू नको म्हनाले, म्हनून तोंड शिवून बसले. तिसऱ्याला ठाव न्हवतं शेट. तुमाला कसं?"

फौजदार उठले आणि शेटला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. शेजारच्याचे अंगठे सोडवायचंही कुणाला सुचलं नाही.

ठमाबाईच्या कमरेला सुपारीची कोयती होती. मघाशी शेट हाताच्या अंतरावर होता. तिने कोयतीला बोटही लावलं नाही. मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते.

"थांबलास का रं? लाव पुढचं. त्यालाबी भावाचा मारेकरी गावतो का, बघू दे."